भेगेतले खिळे

परवा पाटोद्याच्या बाजारात बैल आडवा पाडून नाल ठोकत होते. तासलेल्या खुराचा उग्र वास आला आणि मला अब्बा आठवले. आम्ही पिढीजात नालबंद. गावाबाहेर निजामाच्या घोडदळासाठी गोऱ्या साहेबांनी बांधलेली दगडी बराक होती. उंच कमानी, छताखाली वाऱ्यासाठी गोल झरोके, भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या. तिचं संग्रहालय होणार होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अंगणात चकचकीत फरशी बसवत होते आणि मधला झिजलेला दगड काढायला गवंडी पहार घेऊन आला. अब्बा जाऊन त्या दगडावरच बसले. "चाचा, उठा," देखरेखीवरचे साहेब म्हणाले. "कावून उठू? माझ्या आज्यानं ह्याच दगडापाशी घोड्यांना नाल ठोकलेत." "पुरावा काय?" अब्बांनी खुर तासायचा चाकू काढला, दगडातली भेग उकरली आणि तीन गंजके, वाकडे खिळे साहेबांच्या तळहातावर ठेवले. "वाकडा झालेला खिळा आमी खाली टाकत न्हाई, भेगेत ठोकतो. घोड्याच्या पायात जाऊ नये म्हणून. आता काढा दगड." गवंड्यानं पहार खाली ठेवली. दगड राहिला. आज अब्बा नाहीत. आत साहेबलोकांच्या तसबिरी आहेत, नालबंदाचं नाव कुठंच नाही. मी मात्र दर खेपेला जाऊन त्या दगडावर बसते, आणि रखवालदार "उठा बाई" म्हणाला की त्याला विचारते, "कावून?"