सरळ केलेला किल्ला

संशय हा माझा स्वभाव आहे आणि व्यवसायही. सिडनीतल्या वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये मी सतरा वर्षं रक्ताचे नमुने तपासते आहे. एखादा रिझल्ट जरा जास्तच छान आला की मी सही करत नाही, तोच नमुना पुन्हा मशीनला लावते. घरीही माझं तसंच चालतं. नवरा म्हणतो, "तू माणसांनासुद्धा दोनदा रन करतेस." करते. आणि बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला काहीतरी सापडतंच.

म्हणून मुलगी फोनवर एवढी खूश का असते, हा प्रश्न मला पडला, त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

ती वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनिअरिंग करत होती. शेवटचं वर्ष राहिलं होतं. मध्येच एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर इटलीत तोरिनोला गेली. जानेवारीत परत यायची, ती कसल्याशा प्रोजेक्टसाठी एप्रिलपर्यंत राहिली आणि एप्रिल आल्यावर म्हणाली, जुलै. कसला प्रोजेक्ट असं विचारलं की, "वॉल्स, आई. ओल्ड वॉल्स," एवढंच. आता जुन्या भिंतींबद्दल बोलताना एकवीस वर्षांच्या मुलीच्या आवाजात एवढं हसू कशाला येईल? माझ्या मनात पाल चुकचुकली. तिकडे कोणीतरी भेटलेला आहे आणि ही आता काही परत येत नाही, असं मी धरूनच चालले. एकुलती एक मुलगी. लॅबमध्ये नमुन्यांवर लेबलं लावताना माझा हात मध्येच थांबायला लागला.

मे महिन्यात मी रजा टाकली आणि तिला कळवलं की आपण दोघी तीन दिवस गाडीने मध्ययुगीन किल्ले बघत फिरायचं. किल्ले हे निमित्त होतं, पण अगदीच ओढूनताणून आणलेलं नव्हतं. किल्ल्यांचं वेड तिला लहानपणापासून, आणि ते मीच लावलेलं. क्वेकर्स हिलच्या आमच्या बॅकयार्डात दर दिवाळीला किल्ला व्हायचा. हार्डवेअरच्या दुकानातून मातीच्या पिशव्या आणायच्या, गोणपाट मिळत नाही म्हणून जुनी चादर भिजवून घालायची, वर मोहरी पेरायची. मावळे मी पुण्याहून आणलेले. सिडनीच्या विमानतळावर एका ऑफिसरने त्यातला एकेक मावळा उलटा करून बघितला होता, कुठे शेतातली माती तर चिकटलेली नाही ना म्हणून. तो माणूस मला फार आवडला.

किल्ला तिने एकटीने बांधायचा, आईने हात लावायचा नाही, असा तिचा नियम होता. तिचे बुरूज कलायचे, तटाचं पोट सुटायचं. आणि संध्याकाळी फराळाला चार कुटुंबं येणार, सगळे पुण्या-मुंबईचे, सगळ्यांना किल्ल्यांतलं कळतं असं सगळ्यांनाच वाटतं. मग ती शाळेत गेली की मी हात ओला करून बुरूज सरळ करायचे, तट दाबून घ्यायचे, मावळे नीट लावायचे. जास्त नाही, थोडंसंच. ती घरी येऊन किल्ल्याकडे बघायची आणि आत जाऊन नवा ड्रेस घालायची. पाहुण्यांसमोर मी म्हणायचे, "सगळा तिने एकटीने केलाय बरं का."

नवऱ्याला रजा नव्हती. मला विमानतळावर सोडताना म्हणाला, "फिरायला जा. इन्स्पेक्शनला जाऊ नकोस." त्याचा तो शांतपणाही मला खटकला होता, पण एका वेळी एकच केस.

मिलानला ती भाड्याची छोटी गाडी घेऊन आली होती. मिठी मारली, वाळलेली वाटली, पण दंड घट्ट झालेले. गाडीत बसलो आणि मी कान टवकारले, कारण गाडी गिअरची होती. सिडनीत तिला गाडी मी शिकवली. शिकाऊ लायसन्सच्या लॉगबुकातले एकशेवीस तास शेजारी बसून, नसलेला ब्रेक दाबत, मी एकेक सही केली आहे, आणि ते सगळे तास ऑटोमॅटिकवरचे. इथे ही रस्त्याच्या उजव्या बाजूने, ट्रकांच्या मधून, न बघता गिअर बदलत चालली होती.

"गिअर कोणी शिकवले?"

"एका फ्रेंडने."

"कोण फ्रेंड?"

"आई, रिलॅक्स. आत्ताच तर आलीस."

मी तिच्या हातांकडे बघितलं. नखं मुळापासून कापलेली, बोटांना भेगा, अंगठ्याजवळ जुनी जखम. ही मुलगी परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा नेलपॉलिश लावायची. हातांना काय झालं विचारलं तर म्हणाली, विंटर होता ना. बाहेर शेतांत फुलं फुलली होती.

पहिला किल्ला आओस्ताच्या खोऱ्यात होता. दुहेरी तट, कोपऱ्याकोपऱ्यावर मनोरे, मागे बर्फाचे डोंगर. लोक फोटो काढत होते. मी म्हटलं, "अगं बघ तरी, केवढं सुंदर आहे!" ही पायथ्याशी उकिडवी बसून दोन दगडांच्या मधल्या सांध्यावरून नख फिरवत होती.

"सिमेंट मारलंय," ती पुटपुटली. "इडियट्स."

मला वाटलं, माझ्या नजरेला नजर द्यायची नाही म्हणून भिंतीकडे बघते आहे. दुसऱ्या किल्ल्यातही तेच. मी वर मनोऱ्यावर जाऊन धापा टाकत खोरं बघून आले, आणि ही खाली पार्किंगमध्ये फोनवर. पलीकडून पुरुषाचा आवाज. मी दोन महिने अ‍ॅपवर इटालियन शिकले होते ते काही कॉफी मागता यावी म्हणून नाही. फार काही कळलं नाही, पण 'मम्मा' हा शब्द चार वेळा आला आणि 'दोमानी' दोनदा. दोमानी म्हणजे उद्या. मम्मा म्हणजे मी.

"उद्या काय आहे?" मी विचारलं.

ती दचकली. मग हसली. "तू इटालियन शिकलीस? ओ माय गॉड, आई!"

आणि गाडीत जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती हॉटेलच्या खोलीत अंघोळीला गेली आणि मी तिची सॅक उघडली. हे मी अभिमानाने सांगत नाहीये, पण आता सगळंच लिहायला बसले आहे तर हेही लिहिते. आत एक जाडजूड हातमोज्यांचा जोड होता आणि तळाशी, पायातल्या जुन्या मोज्यात गुंडाळलेली, एक पितळेची वस्तू. भोवऱ्यासारखी, खाली टोक, हाताला चांगलीच जड, आणि वरच्या भोकातून ओवलेली लांब दोरी. एवढी जपून ठेवलेली म्हणजे त्याची आठवण असणार. प्रेमात माणसं एकमेकांना काय काय देतात! मी दोरी पुन्हा गुंडाळली, सॅक होती तशी ठेवली आणि ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा मी खिडकीतून डोंगर बघत होते.

"आज तुझ्या लिस्टमधला किल्ला नको," ती म्हणाली. "एक छोटा आहे. तुला दाखवायचाय."

उद्या म्हणजे हेच. मी चांगला कुर्ता घातला, लिपस्टिक लावली आणि सिडनीहून आणलेलं बाकरवडीचं पाकीट पर्समध्ये टाकलं. पोरगा पसंत पडो न पडो, कोणाकडे रिकाम्या हाताने जाणं मला जमत नाही. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. डिग्री आधी पूर्ण कर. मग त्यानेच सिडनीला यावं, तिकडे काय कामं नाहीत का.

तो किल्ला म्हणजे एका टेकाडावर उभा असलेला एक मनोरा आणि अर्धा पडलेला तट. ना तिकीट, ना पर्यटक. एका कोपऱ्याला परांची बांधलेली होती आणि त्याखालून एक म्हातारे गृहस्थ आले. सत्तरीच्या पुढचे, टोपीपासून बुटापर्यंत चुन्याने पांढरे. त्यांनी हात पँटला पुसून माझा हात हातात घेतला आणि खूप काही बोलले.

"आई, हे माझे सर," मुलगी म्हणाली. "गिअर यांनीच शिकवले. चुन्याची व्हॅन चालवावी लागते ना."

मी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत राहिले. मागे कोणी नव्हतं.

"आणि तो मुलगा?"

"कुठला मुलगा?"

म्हातारे गृहस्थ बहुतेक माझा चेहरा बघून समजले. ते व्हॅनकडे निघून गेले. मग तिने सांगितलं. जानेवारीपासून ती त्यांच्या हाताखाली पडक्या भिंती दुरुस्त करायला शिकत होती. चुना भिजवायचा, पडलेले दगड ओळखून पुन्हा त्यांच्या जागी बसवायचे. युनीतून तिने सुट्टी घेतली होती. डिग्री करणार होती, पण आत्ता नाही.

"म्हणजे तू जुलैत येत नाहीस."

"दोन वर्षं तरी नाही, आई."

दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधत होते, पण आजार मात्र बरोबर ओळखला होता. ती येणार नव्हती. मी तिथल्याच एका दगडावर बसले.

"बाबांना माहीत आहे?"

तिने बुटाने एक खडा बाजूला सारला. मला तो विमानतळावरचा शांतपणा आठवला आणि मी भडकले. "वा! म्हणजे सगळ्या जगाला माहीत, फक्त मला सोडून. मी काय खाल्लं असतं का तुला? मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू आली असतीस," ती म्हणाली, "आणि सरळ केलं असतंस."

"काय सरळ केलं असतं?"

"माझा किल्ला. एव्हरी दिवाळी. मी स्कूलला गेले की."

लॅबमध्ये एखाद्याने माझीच चूक माझ्या समोर आणून ठेवावी तसं झालं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. आई, तू मावळे हाइटप्रमाणे लावायचीस. कोण लावतं असे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी हॅपी असायचीस, सगळ्यांना दाखवताना." ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, माझा नसेलच चांगला. म्हणूनच तू करतेस."

तसं नव्हतं गं, असं मी म्हणणार होते. पण तसंच तर होतं. मला तिचा किल्ला चांगला वाटला असता तर मी हात कशाला ओला केला असता?

"इथला एक कोपरा पूर्ण होऊ दे, मग तुला बोलवायचं असं ठरवलं होतं," ती म्हणाली. "तू आधीच तिकीट काढलंस. मग आम्ही घाई केली. काल सरांनी शेवटचा दगड बसवला, कालचा फोन त्यांचाच होता. आता दाखवते."

परांचीच्या मागे तटाचा कोपरा होता. माणसाच्या अडीच-तीन पट उंच, करड्या दगडांचा. खालचे चार थर शेकडो वर्षांपूर्वीचे, वरचे सगळे तिने आणि त्या म्हाताऱ्यांनी बसवलेले. तिने सॅकमधून मोज्यात गुंडाळलेली ती वस्तू काढली.

"हा ओळंबा. सरांचा होता, त्यांनी मला दिला. भिंत सरळ आहे का बघतात याने." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू दोरी उलटी गुंडाळलीस. मी लेफ्टी आहे ना."

मी मान खाली घातली. ती शिडीवरून परांचीवर चढली आणि वरून दोरी सोडली. पितळेचं टोक कोपऱ्याला धरून खाली आलं, माझ्या गुडघ्यापाशी थोडं हेलकावलं आणि थांबलं.

"घे," ती वरून म्हणाली. "तपास."

मी एक डोळा मिटून बघितलं. दोरी आणि भिंत यांच्यात खाली बोट घालून पाहिलं, मध्ये घातलं, टाचा उंचावून हात पोचेल तिथे घातलं. सगळीकडे तेवढंच अंतर. मग पुन्हा खालून सुरू केलं, कारण मला एकदा बघून सही करता येत नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी देवाकडे मागत होते की चूक सापडू दे. कुठेतरी एखादा दगड बोटभर पुढे आलेला असू दे, म्हणजे मला त्याला हात लावता येईल. दुसऱ्या खेपेलाही काही सापडलं नाही. माझ्यासाठी तिथे काहीच उरलेलं नव्हतं आणि मला रडू यायला लागलं.

"काय गं? बोल ना!"

"सरळ आहे."

"शुअर?" तिच्या आवाजात संशय होता. तो तिला कोणाकडून आला, हे वेगळं सांगायला नको. "का मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"दोनदा बघितलं," मी म्हणाले. "सरळ आहे. मी कुठेही हात लावलेला नाही."

वर ती डाव्या हाताने दोरी गुंडाळायला लागली आणि ओळंबा माझ्या गुडघ्यापासून हळूहळू वर गेला.