स्वेटरातलं कुसळ

सुट्टीत कुटुंबाला घेऊन कुठं जावं, असं हल्ली कुणी विचारलं की मी एकच सल्ला देते. कुठंही जा, पण स्वेटर स्वतःचे न्या.

सत्तरच्या दशकात आमच्या सोलापुरात स्वेटर ही वस्तू ऐकूनच माहीत होती. अख्ख्या देशाला चादरी पांघरायला देणारं हे गाव, पण स्वतः चादर अंगावर घ्यायची वेळ वर्षातून फार तर आठ पहाटे. उरलेलं वर्ष आम्ही चादरीवर झोपतो नाहीतर पाहुण्याला बांधून देतो. डिसेंबरात जरा गार वारा सुटला की दूधवाला मफलरनं कान बांधतो, आणि आठ वाजता ऊन वर आलं की चोरासारखा सोडून पिशवीत घालतो.

अशा गावात आमच्या गल्लीला थंड हवेचा रोग लागला, तो समोरच्या वहिनींमुळं. त्यांचे साहेब सात रस्त्यावरच्या एका कचेरीत होते आणि वहिनी बोलताना 'नाही' मधला 'ही' लांबवायच्या, एवढंच त्यांचं मोठेपण. पण एका नाताळात ती दोघं मुलांना घेऊन महाबळेश्वरला जाऊन आली आणि परत आल्यावर गल्लीत पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. त्यांनी घरोघरी वाटीभर जाम वाटला. बैठकीत फोटो लावला. फोटोत साहेब, वहिनी आणि दोन मुलं, चौघं चार रंगांच्या स्वेटरांत, आणि मागं नुसतं पांढरं धुकं. "धुक्यामुळं दरी आली नाही हो फोटोत," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्या न आलेल्या दरीवर आमची अख्खी गल्ली भाळली.

मी गप्प बसणारी असते तर हे लिहायची वेळच आली नसती. पुढच्या वर्षी दिवाळीच्या फराळाला सगळ्या जणी जमल्या असताना माझ्या तोंडून निघून गेलं, की यंदा आम्हीही जाणार आहोत. निघून गेलं म्हटल्यावर परत कसं घ्यायचं? मग मी ते वाढवलं. तिथं म्हशीची धार काढता काढता बादलीत कुल्फी होते, तिथले लोक अंघोळीचं पाणी सुरीनं कापतात, आमच्या ह्यांचा एक व्यापारी तिथं गेला होता त्याच्या मिशा मोडून हातात आल्या. बायका ऐकत होत्या. समोरच्या वहिनी मात्र माझ्याकडं बघून नुसत्या हसत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपणहून चार स्वेटर आणून दिले. म्हणाल्या, "लागतील तुम्हाला. तिथली थंडी साधी नाही." आता माघार घ्यायची तर गल्ली सोडून जावं लागलं असतं.

आमच्या ह्यांचं भुसाराचं दुकान होतं. ज्वारीच्या पोत्यांत वाढलेला माणूस. डोंगराबद्दल त्यांचं मत असं, की खाली बघण्यासाठी वर चढायचं हे माकडाला शोभतं. मी चार दिवस जेवण वाढताना ताट आपटलं. पाचव्या दिवशी ते एकाएकी म्हणाले, "जाऊ या." एवढ्या लवकर कबूल झाले, तेव्हाच मला वास यायला हवा होता.

नाताळच्या सुट्टीत निघालो पाच जण. आम्ही दोघं, दोन पोरं आणि ह्यांच्या आत्याबाई. आत्याबाई अक्कलकोटच्या पलीकडच्या, कानडी त्यांच्या जिभेवर आधी आणि मराठी मागून यायची. स्वेटर चार आणि माणसं पाच, म्हणून आत्याबाईंना दोन चादरी गुंडाळल्या. एसटीत बसल्यापासून त्या दर थांब्याला खिडकीतून डोकं काढून विचारायच्या, "चळी एल्लि अद?" म्हणजे थंडी कुठं आहे. कंडक्टर मराठी माणूस. त्यानं तिसऱ्यांदा ऐकलं आणि ह्यांना विचारलं, "म्हातारीला चळ लागलाय काय ओ?" चळ लागला होता खरा, पण म्हातारीला नव्हे.

भर दुपार, डोक्यावर ऊन, आणि मी लोकरीचा स्वेटर घालून बसले होते. गल्लीतून निघताना घातलेला तो कुणी बघत असेल म्हणून काढायची हिंमत नव्हती. मोहोळचा थांबा यायच्या आत माझी पाठ टोचायला लागली. पोरं खाजवून खाजवून लाल झाली. मी त्यांना दटावलं, की भारी लोकर अशीच टोचते, आपल्याला सवय नाही. ह्यांनी तिकिटं टेंभुर्णीची काढली. मला वाटलं, तिथं गाडी बदलायची असेल.

टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरलो तर समोर बैलगाडी. गाडीत कडबा अंथरलेला, वर गोधडी. ह्यांच्या दुकानाला ज्वारी घालणारा एक शेतकरी फेटा सावरत पुढं आला.

"या की शेठ. आगटी परवाच खांदून ठिवलीया. वैनी, लई उशीर केला तुमी."

आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, हे सोलापूरच्या बाईला सांगावं लागत नाही. मला टोचला तो 'परवाच' हा शब्द. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बैलांच्या शिंगांकडं बघत होते.

"महाबळेश्वर?" मी विचारलं.

"तेच की," हे म्हणाले. "हवा थंड, माणसं कमी. नावात काय अडलंय?"

परत फिरले असते तर संध्याकाळपर्यंत गल्लीत तोंड दाखवावं लागलं असतं. म्हणून बैलगाडीत बसले. रडले नाही, कारण स्वेटरात रडलं की जास्त टोचतं.

खोटं का बोलू, त्या चार दिवसांत जे खाल्लं ते पुन्हा नाही खाल्लं. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, सुपात फुंकायची आणि हिरवा हुरडा शेंगांच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर, गुळाबरोबर, आणि ते संपल्यावर नुसता. आत्याबाईंचे दात तीन, पण त्यांनी एका बैठकीत जेवढी कणसं संपवली तेवढी टोळधाडीलाही जमली नसती. पहाटे शेतात खरोखर दात वाजत. आत्याबाई पहिल्या पहाटे चादरीतून नाक बाहेर काढून म्हणाल्या, "चळी इल्लि अद." थंडी इथं आहे. एक माणूस तरी समाधान पावलं.

हे तर मोकाट सुटले. महाबळेश्वरला पॉईंट असतात म्हणून ह्यांनी शेतात पॉईंट पाडले. विहीर पॉईंट, बांध पॉईंट, आणि गोठ्यामागं सूर्य मावळतो तो सनसेट पॉईंट, जिथं उभं राहायचं तर आधी शेण उचलावं लागे. मी तोंड फुगवून बसले होते, पण सगळे पॉईंट मनात पाठ करत होते. परत गेल्यावर मला सांगावं लागणार होतं ना. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर होतं. तिथं पन्नास बायका माझं महाबळेश्वर ऐकायला येणार होत्या आणि त्यातली एक तिथं खरोखर जाऊन आलेली होती. एखादा प्रश्न तिरका आला की माझी थाप गल्लीभर, आणि मग मेल्यावरसुद्धा मला 'ती महाबळेश्वरवाली' म्हणूनच उचललं असतं.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे जाम. हे सात रस्त्यावरच्या दुकानातून बाटली घेऊन आले. मी विळीच्या टोकानं तिच्यावरचा दुकानाच्या नावाचा कागद खरवडला. अर्धा निघाला, अर्धा भस्म लावल्यासारखा राहिला. स्वेटर दोन दिवस झटकले, उन्हात टाकले, पुन्हा झटकले. मग दुपारी घड्या आणि जामची वाटी घेऊन समोर गेले.

वहिनींनी स्वेटर मांडीवर घेतले. बोलता बोलता त्यांचा हात लोकरीवरून फिरत होता, मांजरीच्या पाठीवरून फिरावा तसा. एकदम थांबला. त्यांनी चिमटीत काहीतरी धरलं आणि उजेडाकडं नेलं. बारीक, पिवळं, टोकदार. ज्वारीचं कुसळ.

"वहिनी," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "महाबळेश्वरात यंदा ज्वारी बरी आलीय वाटतं."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. इथं माझंच कुसळ दुसरीच्या चिमटीत होतं.  मला डोळ्यांपुढं हळदीकुंकू दिसलं, बायकांनी पदराआड दाबलेलं हसू दिसलं. तोंडाला येईल ते सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थाप सुचेना. थाप सुचली नाही म्हणून खरं आठवलं. पाठ आठवली. एसटीतली पाठ.

"हे मोहोळच्या आधीपासून टोचत होतं, वहिनी," मी म्हणाले. "तेव्हा आम्ही हुरडा बघितलासुद्धा नव्हता."

 मी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. वर्षभर मी त्या धुक्याला नमस्कार करायचंच बाकी ठेवलं होतं. आता नीट बघितलं तर धुकं खालून वर चाललेलं होतं, आणि साहेबांचे डोळे थंडीनं नव्हे, चुरचुरून मिटलेले होते.

"धुकं छान आलंय फोटोत," मी म्हणाले.

"आगटी ओली होती," वहिनी म्हणाल्या. 'होती' मधला 'ती' पहिल्यांदाच आखूड आला. "धूर आवरेचना."

 मग मी विचारलं, "तुमचं महाबळेश्वर कुठल्या तालुक्यात येतं?"

"करमाळ्याच्या. साहेबांच्या शिपायाचं शेत. तुमचं?"

"माढ्याच्या."

त्यांनी जामची वाटी उचलून वास घेतला. पुढचा अर्धा तास आम्ही इतक्या हसलो, की साहेबांची आई आतून दोनदा डोकावून गेली. निघताना वहिनींनी मला दारापर्यंत आणून सोडलं आणि कानाशी येऊन सांगितलं, की बाटलीचा कागद खरवडायचा नसतो, रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, अंगानं सुटून येतो. शिकलेल्या माणसाची संगत वेगळीच.

हळदीकुंकवाला आम्ही दोघी शेजारी बसलो. मी दरी सांगितली, वहिनींनी तिची खोली सांगितली. मी सनसेट पॉईंट सांगितला, त्यांनी तिथं वारा किती असतो ते सांगितलं. एक थाप मारायला एक माणूस पुरतं, पण थापेला साक्षीदार मिळाला की तिचा भूगोल होतो. बायका तिळगूळ खायच्या विसरल्या. कोपऱ्यावरच्या घरातली, जिचा नवरा वखारीत होता, ती तर डोळे मिटून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. पदराशी चाळा करत म्हणाली, की पुढच्या नाताळात आम्हीही जावं म्हणतोय, ते स्वेटर मिळतील का? सासर कुठलं ग तुझं, मी सहज विचारलं. बार्शीकडचं, ती म्हणाली. शेती आहे दिरांची.

मी तिला समोर घेऊन गेले. वहिनींनी पेटीतून चारही स्वेटर काढले आणि एक एक करून तिच्या हातावर ठेवले.

"लागतील तुला," त्या म्हणाल्या. "तिथली थंडी साधी नाही."

आम्ही कुसळं काढली नव्हती.