बुलेटवरचा कॅमेरा

ती घटना आठवली की आजही माझी मूठ आपोआप आवळली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका साध्या अपघाताच्या गुन्ह्याने जेवढी चीड आणली, तेवढी फार थोड्या प्रकरणांनी आणली असेल. नावं मी घेणार नाही. ज्यांनी घ्यायला हवीत, त्यांना ती ठाऊक आहेत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. फैजपूरकडच्या केळीपट्ट्यातल्या एका ठाण्यावर मी उपनिरीक्षक होतो. लग्नात व्हिडिओ शूटिंग करायची टूम नुकतीच निघाली होती आणि मोठ्या घरांत त्यावरून चढाओढ चाले. एका बागायतदार घराने ठरवलं, नवरदेवाची सजवलेली गाडी केळीच्या बागांमधून येताना सिनेमातल्यासारखी दिसली पाहिजे. त्यांनी घरच्या बुलेटच्या कॅरिअरवर लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली आणि तिच्यात कॅमेरा मागे तोंड करून घट्ट आवळला. बुलेट पुढे, नवरदेवाची गाडी मागे, असं वऱ्हाड निघालं.

त्या बुलेटने रस्त्याच्या कडेने गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका मजूर बाईला उडवलं. कोणी थांबलं नाही. नवऱ्याने तिला बैलगाडीत घातलं. दवाखाना दिसायच्या आत ती गेली. तिकडे मंगलाष्टका झाल्या, पंगती उठल्या, वाजंत्री वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे वडील स्वतः ठाण्यात आले. गावात त्यांना नाना म्हणत. सोबत शूटिंगवाला होता, मान खाली घालून.

"मुलगा प्रामाणिक आहे, साहेब. कबूल करतोय."

"गाडी तू चालवत होतास?" मी विचारलं.

"हो."

"मग शूटिंग कोण करत होतं?"

उत्तर नानांनीच दिलं. "कॅमेरा आपोआप चालतो ना! म्हणून तर बसवून घेतला. बटण दाबायचं आणि गाडी हाकायची."

ऐकायला बिनतोड होतं. गुन्हा जामीनपात्र, शूटिंगवाला जामिनावर सुटला. वरून फोनही आला. आरोपी आहे, कबुली आहे, दोषारोपपत्र पाठवून मोकळे व्हा. माझा अनुभव असा की जी कबुली हात धरून ठाण्यात आणली जाते, तिला आधी खुर्ची द्यावी आणि मग नीट न्याहाळावं.

बाईच्या नवऱ्याचा जबाब मी स्वतः घेतला. तो साक्रीकडचा. दोघं केळीच्या कामाला इकडे आलेली. तो रस्त्यालगतच्या बागेतच होता.

"काय पाहिलंस?"

"फटफटीवर दोन जन व्हतात, साहेब. पुढे फेटावाला. मांगे एक जन उलटा बठेल व्हता."

"नक्की?"

"मनी बायको पडनी, साहेब. मी दुसरीकडे देखसू का?" मग म्हणाला, "ती जित्ती व्हती. त्या का बरं थांबनात नहीत, इतलंच इचारा त्यासले."

नानांना हे सांगितलं तर ते हसले. "त्या मजुराला काय दिसतंय, साहेब? दुःखात माणूस काहीही बरळतो." त्या हसण्याने माझं डोकं तडकलं. पण ठाण्याच्या खुर्चीत बसलेल्याने राग गिळायचा असतो.

मी शूटिंगवाल्याला पुन्हा बोलावलं. तो स्वतःच्या लुनावर आला. जप्त केलेली बुलेट आवारात उभी होती. मी सहज म्हणालो, "जरा ती चालू कर आणि शेडखाली लाव. ऊन फार आहे."

कशीबशी किक बसली. मग क्लच धरून तो डाव्या पायाने गिअर टाकू लागला. दाबतोय, पुन्हा दाबतोय, गाडी जागची हलत नाही. त्या काळच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला असे आणि डाव्या पायाला ब्रेक. ज्याने ती एकदा जरी चालवली, तो हे कधी विसरत नसे. शेजारी उभा असलेला हवालदार माझ्याकडे पाहू लागला.

"उतर," मी म्हणालो. "आत चल. चहा घे."

चहा तसाच निवला. मी आवाज चढवला नाही, हात तर मुळीच उचलला नाही. एवढंच विचारलं, "ती पडली तेव्हा तू कुठे बघत होतास?"

तो रडायलाच लागला. "कॅमेऱ्यात, साहेब. मी उलटा बसलो होतो. आधी धक्का बसला, मग ती बाई मला कॅमेऱ्यातच दिसली. रस्त्यावर पडलेली. हात वर करत होती."

"गाडी कोण चालवत होतं?"

"नवरदेवाचे मोठे भाऊ. मी थांबा, थांबा म्हणून ओरडलो. ते म्हणाले, तू गाडीवर नजर ठेव, शूटिंग तोडू नको."

"आणि मागची गाडी?"

"ती हळू झाली होती, साहेब. पुढच्या सीटवर नाना होते. त्यांनी हाताने खूण केली, बाजूने काढ. ते कॅमेऱ्यात सगळं आलं होतं."

त्याच्या बहिणीचं सासर त्याच गावात होतं. तिला सुखाने नांदायचं असेल तर गुन्हा अंगावर घे, असं त्याला बजावलं होतं.

आम्ही नानांच्या घरून कॅसेट पंचनामा करून ताब्यात घेतली आणि लावून पाहिली. केळीच्या बागा येतात, फुलांनी मढवलेली गाडी येते आणि अचानक पडदाभर गुलाब उमलतो. त्यावर नवरा-नवरीची नावं. गुलाब मिटतो तेव्हा वऱ्हाड मांडवाच्या दारात असतं. ती बाई जिथे पडली होती, तिथे त्यांनी शूटिंगवाल्याकडूनच फूल घालून घेतलं होतं. मूळ कॅसेट जाळून टाकली होती. इतकी वर्षं झाली, लग्नाच्या कॅसेटमधला गुलाब मला बघवत नाही.

शूटिंगवाल्याचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला. पण बाईच्या नवऱ्याने फेटा पाहिला होता, चेहरा नाही, आणि एकट्या शूटिंगवाल्याच्या शब्दावर खटला टिकणं कठीण होतं. अशात एके दिवशी दुपारी एक वयस्कर गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन ठाण्यात आले. मुलीच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. ती त्या लग्नाची नवरी होती.

"आबा, तुम्ही बाहेर बसा," ती वडिलांना म्हणाली. "मी सांगते."

तिने सांगितलं ते असं. लग्नानंतर घरातल्या सगळ्या बायका कॅसेट पाहायला टीव्हीपुढे बसल्या. गुलाब तेव्हा घातलेला नव्हता. ती बाई पडद्यावर दिसली, तिचा वर झालेला हात दिसला आणि मोठ्या दिरांचा 'शूटिंग तोडू नको' हा आवाजही ऐकू आला. नवरीला वाटलं, आता कोणीतरी उठेल, काहीतरी बोलेल.

"सासूबाई म्हणाल्या, एवढं काढून टाका, बाकी छान आलंय."

जबाब लिहून घेणारी महिला शिपाई थांबली.

"मी यांना विचारलं, तुम्ही गाडीत होता ना? तर म्हणाले, मुहूर्त टळला असता. साहेब, ज्या मुहूर्तासाठी तिला रस्त्यावर टाकलं, तो माझा होता. मला तिकडे जायचं नाही."

कोर्टात तिला वाटेल ते विचारलं गेलं. सासरशी पटत नव्हतं का, माहेरच्यांनी शिकवून पाठवलं का. तिने एकही शब्द फिरवला नाही. मोठ्या भावाला शिक्षा झाली, पुरावा नष्ट केल्याबद्दल नानांनाही झाली. बाईचा नवरा निकालानंतर साक्रीकडे निघून गेला. ती मुलगी माहेरीच राहिली आणि गावाने बराच काळ दोष तिलाच दिला, याचाही मला संताप येतो.

पण खरा संताप वेगळाच आहे. गाडीत बसलेल्या बाकीच्यांना कायद्याचं एकही कलम लागलं नाही. ते साक्षीदार म्हणून आले, काही दिसलं नाही म्हणाले आणि इस्त्रीचे कपडे सांभाळत घरी गेले. पुढे प्रत्येक अपघाताच्या तपासात मी धडक कोणी दिली हे विचारल्यावर तिथेच थांबलो नाही. नंतर कोण कोण तिथून गेलं, हेही विचारू लागलो. धडक क्षणात होते. तिला चूक म्हणता येतं. पण रस्त्यात जिवंत माणूस हात वर करतंय आणि आपल्याला त्याच्या बाजूने पुढे जायचंय, तर आधी गाडी हळू करावी लागते, जागा बघावी लागते आणि स्टिअरिंग फिरवावं लागतं.