जैतूनआपांचा पाठ

वर्गात शिरण्यापूर्वी जैतूनआपा दाराशेजारच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकवून क्षणभर उभ्या राहत. पहिलीतल्या मुलींची पक्की समजूत होती की ती भिंत पडायला आली आहे आणि आपा तिला रोज सावरून धरतात. मी शाळेत नवी लागले तेव्हा त्यांना विचारलंच. त्या सरळ म्हणाल्या, "मले भेव लागते, सुमन. हात थरथरतात. भिंतीले टेकले का थांबतात."

अकोल्याच्या त्या मुलींच्या शाळेत त्या उर्दू वर्ग घेत आणि शेजारच्या खोलीत मी मराठी. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. आपांचे यजमान रंगारी होते. ते गेल्यावर दोन मुलींना घेऊन त्या दिराच्या घरी राहत होत्या. त्यांना पालीचं भय, विजेचं भय, तार घेऊन येणाऱ्या शिपायाचं भय. पण शाळा त्यांनी कधी चुकवली नाही. मी हसले की म्हणायच्या, "भेव आपल्यासंगच येते. त्याले टांग्यात मांगं बसवाव, लगाम त्याच्या हाती देऊ नये."

पुढे काही वर्षांनी एका उन्हाळ्यात मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना बोलावून वरून आलेला हुकूम सांगितला. ज्यांच्याकडे शिक्षिकेचं सर्टिफिकेट नाही त्यांनी वर्षाच्या आत ते मिळवावं, नाही तर नोकरी सोडावी. सरळ वाट म्हणजे अमरावतीच्या नॉर्मल स्कुलात, म्हणजे शिक्षिकांना तयार करणाऱ्या शाळेत, जाऊन राहायचं आणि तिथला अभ्यास पुरा करायचा. माझी आई अंथरुणाला खिळलेली, आपांच्या मुली लहान. आम्हा दोघींनाही ते जमण्यासारखं नव्हतं. दुसरी वाट होती ती बाहेरून बसण्याची. काही वर्षं शिकवलेल्या बाईला लेखी परीक्षा देता येई, आणि मग अमरावतीच्या एखाद्या शाळेत, अनोळखी मुलींपुढे, परीक्षकांच्या देखत एक पाठ घ्यावा लागे.

मधल्या सुट्टीत आम्ही रिकाम्या वर्गात एकमेकींना पाठ देऊन बघायचो. मी खुर्चीवर बसून परीक्षक व्हायची, तरी आपांचा आवाज कापायचा. "आपा, मीच आहे ना समोर?" मी म्हणायची.

"तुले कोन भेते? तू ज्या खुर्चीवर बसली तिले भेतो मी."

पण खरी भीती वेगळीच होती. एकदा शाळा सुटताना त्यांचे दीर फाटकाशी आले. आवाज न चढवता म्हणाले, "इम्तिहान का शौक पूरा कर लो. फिर घर बैठना. रुकय्या का रिश्ता मैंने देख लिया है." रुकय्या त्यांची थोरली, जेमतेम बारा वर्षांची. आपांनी मान खाली घातली. ते गेल्यावर माझं मनगट धरून म्हणाल्या, "मी नापास झाली का नोकरी गेली. नोकरी गेली का पोरगी गेली. एवढंच समज." त्यांच्या बोटांचा गारठा मला अजून आठवतो.

लेखी परीक्षा पार पडली. पाठासाठी आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचलो. माझा पाठ सकाळी झाला. आपांची पाळी आली तेव्हा कळलं की परीक्षक बाई तापानं आजारी आहेत आणि त्यांच्याऐवजी एक साहेब आलेत. जाड भुवयांचे, कडक कॉलरचे. ते खोलीत जाऊन बसले आणि मुलींची कुजबुज एकदम थांबली.

आपा बुरख्यात व्हरांड्यात उभ्या होत्या. जाळीमागून त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्या आता परत फिरणार असं मला वाटलं. तेवढ्यात त्या दाराआडून बोलल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की साहेबांनी कान पुढे केला.

"साहेब, तुमच्यासमोर मले बुरखा काढता येत नाही. अन् बुरख्यात पोरीयले शिकवता येत नाही. पोरीयले माह्यं तोंड दिसलं पायजे. तुमाले नाही दिसलं तरी चालते."

साहेब म्हणाले, "आणि फळा? फळा मला पाहावा लागतो."

"पाठ झाल्यावर पाहा. मी बाहेर जातो. फळा कुठं पळते?"

साहेबांनी चष्मा पुसला. उठले, खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

आपा आत गेल्या. पाठ होता नदीचा. मी व्हरांड्यातून बघत होते. पहिला खडू त्यांच्या हातातून पडला आणि मोडला. त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारला, तर ती साहेबांच्या पाठीकडे बघून रडवेली झाली. आपा खाली वाकल्या. "डर लगता? मेरे को भी लगता. चल, दोनों मिल के बोलेंगे." ती मुलगी बोलली. मग दुसरी बोलली. थोड्या वेळानं सगळा वर्ग पूर्णा नदीत उतरल्यासारखा कलकलाट करू लागला. खिडकीकडे तोंड करून बसलेले साहेब एकदा हसले, ते मी पाहिलं.

आपा बाहेर आल्यावर साहेबांनी फळा पाहिला, काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. पास की नापास, काहीच सांगितलं नाही. निकालापर्यंतचे दिवस आपांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. घरी निकाहाची बोलणी चालली होती.

आम्ही दोघी पास झालो. मी म्हणाले, "आपा, आता कशाचं भय?"

"आता पोरीयचं," त्या म्हणाल्या. "आता त्या मले खरी मास्तरीण समजतीन."

निकालानंतरच्या पावसाळ्यात दर्यापूरकडच्या एका शाळेत सर्टिफिकेट असलेली उर्दू बाई हवी होती. आपांनी घरी न सांगता होकार दिला. निघायच्या दिवशी मी मोटार स्टँडवर पोचवायला गेले. मुली मोटारीत चढत असताना कुठूनसे दीर आले आणि त्यांनी रुकय्याचा दंड धरला. आपा नखशिखांत कापत होत्या. त्यांनी आपला हात दिरांच्या हातावर ठेवला. "छोड़िए, भाईजान. मैं मास्टरनी हूँ. लड़की मेरे स्कूल में पढ़ेगी."

आवाज मोठा नव्हता, पण आसपासची माणसं वळून बघू लागली. दिरांनी हात काढला.

पुढे आमची भेट झाली नाही. दर्यापूरहून कोणी आलं की खुशाली कळायची, आणि एका हिवाळ्यात त्या गेल्याचंही तसंच कळलं. मला त्या अजून दिसतात, त्या दिवशीच्या मोटारीतल्या. गाडी हलली तेव्हा बुरख्याचा पडदा वर सारून खिडकीतून तोंड काढून त्या ओकत होत्या, आणि आतल्या हातानं त्यांनी रुकय्याला घट्ट धरलं होतं.