खुंटीवरची रायफल

शेजारी म्हणत, "पुंडलिकरावच्या घरात मोडकं काही राहत नाई, बैलाची घंटा असो, नाईतर भिंतीवरचं घड्याळ." देवळीजवळच्या आमच्या गावात ते कुणी नाकारत नसे.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची परवान्याची रायफल होती, रानडुकरांपासून ज्वारी राखण्यासाठी. दसऱ्याला ती नांगराशेजारी पुजायची, तीही काडतूस भरून आणि त्यावर आपटणारा घोडा मागे चढवून, अशी त्या घराची रीत. रिकाम्या हत्याराची पूजा पोचत नाही, असे वडील सांगत. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला त्यांच्या पत्नीने, गोपिकाबाईंनी, घोड्याला कुंकू लावले आणि तो बोटाखालीच निसटून पडला. काडतूस सादळलेले निघाले, म्हणून बार उडाला नाही. नळीसमोर धाकटा भाऊ वासुदेव आपट्याची पाने निवडत बसला होता.

सगळे हसले. पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी रायफल उघडली. घोडा अडवून धरणारी खाच झिजून गुळगुळीत झाली होती.

"नागपूरच्या कारागिराकडे न्या," गोपिकाबाई म्हणाल्या.

"तवर डुकरं थांबतीन का, वहिनी?" राखणीला मचाणावर वासुदेवच जाई. "दादा, घरात कानस हाय ना?"

पुंडलिकरावांनी खाच घासून खोल केली. रिकाम्या रायफलीचा घोडा चढवून दस्ता जमिनीवर आपटून पाहिला. खाच धरून राहिली. तरी त्यांनी काडतूस भरू दिले नाही. घोडा चढलेला ठेवून ती रिकामीच आतल्या खोलीत खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवत असताना आतून 'टक्' असा आवाज आला. खोलीत कुणीही नव्हते; खुंटीवरच्या रायफलीचा घोडा आपोआप पडला होता. गोपिकाबाईंची भाकर तव्यावर करपली.

"अजून थोडी घास ना. धरते मंग," वासुदेव म्हणाला.

पुंडलिकरावांनी कानस घेतली आणि रायफल पुन्हा उघडली. घासलेल्या जागी वरचा कडक थर निघून लोखंड मऊ लागत होते. आणखी घासले तर खाच पुन्हा धरेल. कधी सोडेल, ते मात्र कळणार नाही. त्यांनी कानस ठेवली आणि रायफल ठाण्यात जमा केली.

त्या हंगामात डुकरांनी धुऱ्यालगतची, बांधाकडची ज्वारी आडवी केली. वासुदेवने दादाशी बोलणे टाकले. पुढच्या दसऱ्याला नांगराशेजारची जागा मोकळी पाहून शेजारचा तानबा म्हणाला, "काऊन पुंडलिकराव, साऱ्या गावाचं दुरुस्त करता अन् घरची बंदूक नाई झाली तुमच्यानं?"

"नाई झाली. वासुदेव जिता हाय. तू घरी जा आता."