काटा बरोबर होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वस्तादांना तर नाहीच — ते शेवटच्या आजारात असताना त्यांचे पाय चेपत बसलो होतो, शब्द ओठांपर्यंत आले होते, तरी नाही. आज तुम्हाला सांगतो. आजच का, ते विचारू नका. मलाच नीट ठाऊक नाही.

आधी नरसय्याबद्दल सांगू द्या. त्याचं नाव घेताना माझा आवाज अजून बदलतो, असं घरचे म्हणतात. पंच्याहत्तर सालाच्या आगेमागे सोलापुरात, पूर्व भागात, त्याच्या घरी दोन हातमाग होते. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून तो माग चालवायचा, आणि संध्याकाळी आमच्या तालमीत यायचा. अंगानं इतका बारीक की सदरा घातला तर शाळामास्तर वाटावा. पण तोच गडी दोरावर चढायला लागला की तालमीतली बोलणी आपोआप बंद पडायची. पाय न लावता, नुसत्या हातांनी तो वर छताला टेकायचा — आणि जितका सावकाश वर गेला तितकाच सावकाश खाली यायचा. सावकाश खाली येणं किती अवघड असतं, हे ज्याचे तळहात सोलून निघालेत त्यालाच कळतं. मी त्याचे खांदे बघायचो, पोटऱ्या बघायचो. एवढी ताकद त्या अंगात राहायची तरी कुठं?

आणि मी? दूध, तूप, बदाम यांवर पोसलेला ऐंशी किलोचा पैलवान. माझ्या खुराकापायी घरात दोन म्हशी बांधलेल्या. नरसय्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खायचा, वर ताक. एका संध्याकाळी वस्तादांनी गंमत म्हणून आमची जोड लावली. तो खाली वाकला, त्यानं माझी मांडी धरली, आणि मला कळायच्या आत मी त्याच्या खांद्यावर आडवा होतो. तसाच मला घेऊन तो कुस्तीच्या हौद्यात एक फेरी फिरला. मग आपटलं नाही — अलगद मातीत ठेवलं. अख्खी तालीम हसली. खरं सांगू? त्यानं आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर महिन्याभरात जिल्ह्याची निवड होती. नरसय्या बावन्न किलोच्या गटात उतरणार होता. निवड झाली आणि पुढं राज्याला चमकला, तर खेळाडू म्हणून पोलिसात घेतील, असं वस्तादांनी त्याच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं. मागाच्या खड्ड्यातून बाहेर पडायची ती एकच वाट. वस्तादांची ताकीद एवढीच होती, “जोर वाढला पायजे, वजन न्हाय.” रोज वजन करायचं, तर काटा हवा. तो होता माझ्याकडे.

मी एका सुताच्या वखारीत तोलार होतो — गासड्यांचं वजन करायचं काम. आमचा काटा म्हणजे जमिनीवर लोखंडी फळी आणि मागं उभ्या खांबावर दांडी. दरवर्षी सरकारी माणूस येऊन तपासून शिक्का मारून जायचा. नरसय्या सकाळी माग सुरू करायच्या आधी यायचा. चप्पल बाहेर काढायचा. काट्याला हात लावून तो कपाळाला न्यायचा, तालमीतल्या मातीला लावतो तसा, आणि डोळे मिटून फळीवर उभा राहायचा. दांडीकडे त्याची पाठ असायची. आकडा फक्त मला दिसायचा.

पहिल्या दिवशी दांडी एक्कावन्नावर सरळ झाली. मी म्हणालो — त्रेपन्न.

हे आधी ठरवलेलं होतं का? नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? तेव्हा तर मी घरूनच आकडा ठरवून निघायचो. त्यानं एक भाकरी कमी केली, मी पाव किलो कमी केल्यासारखं दाखवलं. त्यानं रात्रीचं जेवण सोडलं. आपल्याच मागावर विणलेली चादर अंगाला गुंडाळून तो सोलापूरच्या उन्हात, एप्रिलमध्ये, धावायला लागला. शेवटी शेवटी पाणीसुद्धा मोजून प्यायचा. आणि मी दांडीमागून सांगत राहिलो — अजून थोडं आहे.

तुम्ही म्हणाल, त्या दिवशीच्या हशाचा राग. होताच. पण तेवढाच असता, तर चार दिवसांत निवला असता. दुसरं काहीतरी होतं, आणि ते सांगायला जीभ जड होते. रोज सकाळी मी त्याचा एकेक घास काढून घ्यायचो, आणि रोज संध्याकाळी तो दोरावर तसाच चढायचा — पाय न लावता. गालफडं बसली, बरगड्या मोजता याव्यात असं अंग झालं, तरी दोन हात एकाआड एक वर जातच होते. मी खाली उभा राहून बघायचो, अंगावर काटा यायचा. हात जोडावेत असं वाटायचं. आणि तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा खोटा आकडा. ही ताकद संपते कुठं, ते मला बघायचं होतं. असा कसा माणूस मी?

निवडीच्या दिवशी तिथल्या काट्यावर नरसय्या साडेअठ्ठेचाळीस भरला. वजन लिहिणारा गडबडला. त्यानं दुसऱ्यांदा उभं केलं. आकडा तोच. नरसय्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आमचा काटा बिघडला असणार. त्यानं मान हलवली, नळाखाली ओंजळ धरली आणि पाणी प्यायला.

त्या अंगानं त्यानं दोन कुस्त्या मारल्या. ऐकताय ना? दोन. तिसरीत समोरच्या गड्याची मांडी धरली आणि मला घेतलं होतं तसंच खांद्यावर घेतलं. लोक उठून उभे राहिले. मीही राहिलो, आणि देवाशपथ, त्या क्षणी तो जिंकावा असं मला मनापासून वाटत होतं. मग त्याचे गुडघे थरथरायला लागले. वरचा गडी तसाच खांद्यावर, आणि नरसय्या हळूहळू खाली बसत गेला. नंतर पाठ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वखारीत आला. चप्पल काढली, पण काट्याला हात लावला नाही. कोपऱ्यात शिक्क्याची वीस-वीस किलोची वजनं होती. त्यातलं एक त्यानं एका हातानं उचललं, फळीवर ठेवलं. दुसरं ठेवलं. मग खांबामागं, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि स्वतःच्या बोटानं दांडीवरचं वजन सरकवलं. दांडी बरोबर चाळिसावर सरळ झाली.

“काटा तर बरोबर हाय की, पैलवान,” तो म्हणाला.

माझ्या अंगात त्याच्या दीडपट वजन होतं, तरी मनात आणलं असतं तर त्यानं मला त्या गासड्यांवर भिरकावून दिलं असतं. त्यानं दोन्ही वजनं, एकेका हातात एक, उचलून कोपऱ्यात नेली आणि जागच्या जागी ठेवली. फरशीवर आवाजसुद्धा झाला नाही. मग चप्पल घालून मागावर गेला.

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. पुन्हा निवडीला उतरला नाही. जन्मभर माग चालवला. रस्त्यात भेटला की “काय पैलवान, बरं हाय का?” एवढं विचारायचा. वस्ताद मात्र पुढं प्रत्येक नव्या पोराला सांगायचे, की नरसय्यात जोर होता पण अंग नव्हतं, म्हणून हरला, तुम्ही आधी अंग कमवा. वस्ताद गेल्यावर त्यांच्या जागी मी बसलो. आणि तेच मी सांगत आलो — त्याच्या पुतण्यालासुद्धा, त्याच हौद्यात उभा राहून.

नरसय्या बारीक होता म्हणून हरला नाही. मी त्याला उपाशी ठेवलं होतं.