मामीचा आवाज आणि एक्झॉस्ट फॅन

माझा मामा आवाज धुतो. लोक त्याच्याकडे भाषणं आणि मुलाखती रेकॉर्ड करून आणतात, त्यांत पंखे घरघरत असतात, शेजारी ड्रिल चाललेलं असतं, आणि मामा त्यातून माणूस तेवढा वेगळा काढून देतो. मग ते बोलणं मी टाइप करते. त्यामुळे रोज सकाळी दहा ते पाच माझा मुक्काम त्याच्याच घरी, आणि पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. नातेवाईक त्याला 'गाळणी' म्हणतात. त्याला ते आवडत नाही, म्हणूनच म्हणतात.

मामाला शांततेचं वेड आहे. आतल्या खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या रजया ठोकल्यात, खिडकी फोमने बुजवली आहे. रेकॉर्डिंग असलं की तो फ्रिज बंद करतो, चालू करायला विसरतो, आणि दूध नासलं की घरभर चौकशी करतो. पण कामात त्याचा एक नियम पक्का आहे: थोडा कचरा राहिला तरी चालेल, माणूस जाता कामा नये. फार घासलं की आधी स आणि श मरतात, आणि मग बोलणारा बादलीत तोंड घालून बोलतोय असं वाटायला लागतं. ओळखीपाळखीचे लोक 'अजून थोडं साफ करा ना' म्हणून मागे लागतात, तेव्हा मामा त्यांना सरळ वाटेला लावतो.

मामी बावन्न वर्षांची. नोकरी कधी केली नाही. बस स्थानकावर घोषणा करायला माणूस हवा अशी जाहिरात तिने वाचली आणि कुणालाही न विचारता अर्ज टाकला. अर्ज मंजूर झाला. आता आवाजाचा नमुना पाठवायचा होता, दहा ओळींची घोषणा, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. उशीर झाला की नाव बाद. हे तिने आम्हाला गुरुवारीच सकाळी सांगितलं, चहा ओतता ओतता.

"मला हे काम हवंय," ती म्हणाली. "आजवर मी काही हवंय म्हटलं नाही."

हे साफ खोटं होतं. मागच्याच आठवड्यात तिला नवं कपाट हवं होतं. पण तिचा चेहरा बघून आम्ही दोघांनीही कपाटाचं नाव काढलं नाही.

मामाला स्फुरण चढलं. बायकोचा नमुना म्हणजे घरचं कार्य. त्याने फ्रिज बंद केला, घड्याळाचा सेल काढला, मला चपला काढायला लावल्या आणि मामीला रजयांच्या खोलीत नेऊन बसवलं. "हलू नकोस. श्वास जपून घे. कागद वाजवू नकोस."

मामीने वाचायला सुरुवात केली. जी बाई तिसऱ्या मजल्यावरून हाक मारून वळणावरचा टेम्पो थांबवते, ती त्या खोलीत आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी कुजबुजू लागली. "मोठ्याने," मामा म्हणाला. ती थोडं मोठ्याने कुजबुजली. अशी अकरा वेळा ती घोषणा वाचून झाली. दुपारचे दोन वाजले.

त्यातल्या त्यात बरा नमुना घेऊन मामा कॉम्प्युटरसमोर बसला. आवाज बारीक, म्हणून वाढवला. वाढवल्यावर पाइपातलं पाणी ऐकू यायला लागलं. ते काढलं, तर वरच्या मजल्यावरची खुर्ची निघाली. खुर्ची काढली, तर आणखी कसलीशी सरसर. मी म्हटलं, "मामा, तुझा नियम." तो म्हणाला, "तो गिऱ्हाइकांसाठी." मी कपाळावर हात मारला. साडेतीन वाजता त्याने मामीला ऐकवलं.

मामीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "ही बाई कोण?" तिने विचारलं. "हिला ताप आहे का?"

मामाने हेडफोन पुन्हा कानावर चढवले. मामी पुढे काही बोलली नाही, आणि मला तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण तिने न बोलणं म्हणजे प्रकरण गंभीर. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिने कढई ठेवली, कांदा टाकला, एक्झॉस्ट फॅन लावला. मी पाठोपाठ गेले. समजूत घालायची म्हणून म्हटलं, "अगं, अजून दीड तास आहे."

"दीड तासात काय होणारे?" मामी कांदा परतत म्हणाली. "फलाट क्रमांक तीनवरची गाडी पाच मिनिटांत सुटेल, प्रवाशांनी आपलं सामान तपासून घ्यावं. इतकंच बोलायचंय ना? त्याला दिवस घालवला."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मामा बाहेर आला. हेडफोन अजून कानावरच होते.

"सामान तपासून घ्यावं," तो म्हणाला. "मला दार बंद असताना ऐकू आलं. हे कानावर असताना. शब्दन् शब्द."

"येणारच," मामी म्हणाली. "तीस वर्षं कानाला डबे लावलेल्या माणसाशी संसार केलाय मी."

मामाने हात लांब करून एक्झॉस्ट बंद केला. "आता बोल." मामी बोलली आणि आवाज खाली बसला. त्याने पंखा लावला. आवाज चढला, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. पुन्हा बंद, पुन्हा खाली. मामीच्या ते लक्षातही येत नव्हतं. जन्मभर गोंगाटावर मात करून बोलायची सवय. समोर गोंगाट नसेल तर ती बोलणार कशावर? आणि हा माणूस सकाळपासून तोच तिच्यापासून काढून घेत होता.

मग मामाने माइक स्वयंपाकघरात आणला. पंखा चालू, गॅस बंद, कारण कांद्याच्या चरचरीचा काही नेम नसतो. एक्झॉस्ट मात्र सरळमार्गी, सुरू झाला की बंद होईपर्यंत त्याचा एकच सूर. मामीने दहा ओळी एका दमात म्हटल्या. नंतर दहा सेकंद नुसता पंखा रेकॉर्ड करायचा होता, म्हणजे काढायचं काय ते कॉम्प्युटरला कळतं. ते दहा सेकंद मामी गप्प राहिली. तेवढ्यात ती दोनदा आमच्याकडे बघून काही बोलणार होती, पण राहिली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मामाने रेकॉर्डिंगमधला पंखा उतरवला. एकदाच, आणि तोही पुरता नाही. अगदी तळाशी थोडी घरघर ठेवली. ऐकलं, तर मामी समोर उभी. स जागेवर, श जागेवर. माझा जीव भांड्यात पडला. मामाचा हात मात्र पुन्हा माउसकडे गेला. पहिल्या शब्दाआधी मामीने घेतलेला श्वास त्याला खुपत होता.

मामीने त्याच्या हातावर हात ठेवला. "तेवढा असू द्या. तो घेतल्याशिवाय मला बोलता येत नाही."

त्याने तसाच पाठवला.

काम मामीला मिळालं. पहिल्या दिवशी मामा मला घेऊन बस स्थानकावर गेला. हातात हेडफोनची पिशवी आणि खिशात स्क्रूड्रायव्हर होता, कारण तिथले भोंगे जुने आहेत, गुणगुणत असणार, अशी त्याची खात्री. आम्ही बाकावर बसलो. गाड्यांची इंजिनं, कंडक्टरांच्या शिट्ट्या, दोन रडणारी पोरं, आणि भोंगेही खरोखरच गुणगुणत होते. मग मामीचा आवाज आला. शेजारी डुलक्या घेणारे एक आजोबा उठले आणि आपलं सामान तपासायला लागले. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इथे माझं काही काम नाही," तो म्हणाला.

"मग निघायचं?"

"तिची ड्यूटी चारला संपते," मामा म्हणाला, आणि हेडफोनची पिशवी बाकाखाली सरकवून नीट टेकून बसला.